अठ्ठाविसावी चिठ्ठी

दर शनिवारी सकाळी दहा ते एक मी वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावर, वर्तमानपत्रांच्या मांडणीशेजारच्या टेबलाशी बसतो. टेबलावर पाटी आहे : 'लिनक्सबद्दल काहीही विचारा.' त्यातला 'काहीही' हा शब्द ग्रंथपाल बाईंनी हौसेने घातला आणि त्याची फळं मी भोगतो आहे. एकदा एक गृहस्थ इस्त्री घेऊन आले होते.

लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी एक प्रणाली. ती फुकट मिळते, आणि तिच्या आत काय चाललंय ते कुणालाही उघडून बघता येतं. ज्या संगणकाला दुकानदार 'भंगारात घाला' म्हणतो, तो तिच्यावर आणखी पाच-सात वर्षं सुखाने चालतो. त्यामुळे माझ्याकडे येणारी यंत्रं जुनी असतात आणि बहुधा माणसंही. मी स्वतः टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं तारा जोडल्या. तार तुटलेली असते किंवा नसते, मधलं काही नसतं, एवढंच तत्त्वज्ञान मी तिथून घेऊन निवृत्त झालो.

टेबलाचा एक नियम आहे. आधी प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा, मग खुर्चीत बसायचं. लिहिता लिहिता निम्मा प्रश्न सुटतो, आणि उरलेला निदान वाचता येतो. चिठ्ठीवर तारीख टाकून मी ती खोक्यात ठेवतो.

आणि चिठ्ठी वाचल्यावर मी पहिल्यांदा विचारतो, "मुळात तुम्हाला करायचंय काय?" कारण लोकांचं असतं आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. एक आजोबा विचारायला आले, फोल्डर लपवायचा कसा. खोदून विचारलं तर कळलं, नातवंडं फोटो पुसून टाकतात. त्यांना लपवालपवीची गरजच नव्हती, नातवंडांसाठी वेगळं खातं उघडून दिलं की भागलं. 'मुळात करायचंय काय' या एका वाक्यावर माझं थोडंफार नाव आहे. इंटरनेटवर अशा प्रश्नांचा एक मंच आहे, तिथे मी बारा वर्षं उत्तरं दिली, आणि तिथेही लोक मला त्याच वाक्याने ओळखायचे.

माझ्या बायकोचं आणि यंत्रांचं हाडवैर. ती आतल्या खोलीतून हाक मारायची, "अहो, हे बघा ना काय झालंय." मी त्या वेळी दूरदेशीच्या कुणाचा तरी प्रिंटर सुरू करण्यात गढलेला असायचो. एकदा मी म्हणालो, "मंचावर विचार. रांग मोडायची नाही." मी थट्टेने म्हणालो होतो. तिने तेच धरलं. 'हाडवैरीण' या नावाने तिने मंचावर खातं उघडलं आणि भिंतीपलीकडून मला प्रश्न विचारायला लागली. मीही तिला परक्यासारखं 'नमस्कार, आपली अडचण समजली' असं लिहायचो. जेवायला बसल्यावर त्यावरून हसायचो आम्ही. तीन वर्षांत तिने सत्तावीस प्रश्न विचारले. प्रत्येकाच्या शेवटी लिहायची : घाई नाही, सवडीने सांगा.

तिचा बाविसावा प्रश्न असा होता : 'एक बटण दाबलं की अक्षर तीन-तीनदा उमटतं. बोट वेळेवर उचललं जात नाही. बटणं जरा दमाने घेतील असं काही करता येईल का? घाई नाही, सवडीने सांगा.'

अशी सोय असते. मी चार ओळींत, चित्रासकट ती कुठे सापडेल ते लिहिलं. तिने लिहिलं, 'जमलं. आभारी आहे.' मी प्रश्नापुढे 'सुटला' अशी हिरवी खूण केली आणि जेवायला गेलो. समोर ती वाढत होती. मी तिच्या हाताकडे पाहिलं नाही.

तिच्या डोक्यात गाठ होती. वर्षभराने कळलं. डॉक्टर म्हणाले, "हात थरथरायला लागला तेव्हाच आला असतात, तर काही करता आलं असतं."

ती गेल्यावर आठवड्याभराने आमच्या मुलीने मंचावरची ती पानं वाचली. भांडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "बाबा, अख्ख्या जगाला विचारत बसलात. आईला नाही विचारलंत." दुसऱ्या दिवशी ती तिच्या शहरात परत गेली. त्यानंतर तिचे फोन यायचे ते कामापुरते.

मी मंचावर लिहिणं सोडलं. शनिवारचं टेबल मात्र सहा-एक महिन्यांनी पुन्हा धरलं, कारण घरात बसवत नव्हतं.

टेबल पुन्हा सुरू केलं त्या शनिवारी पहिल्या बाईंनी विचारलं, अक्षरं मोठी कशी करायची. पुढच्या शनिवारी एकाने विचारलं, पडद्यावरचा बाण सारखा हरवतो, तो ठसठशीत कसा करायचा. यात नवल काही नाही. शंभरातली साठ माणसं हेच विचारतात.

नवव्या शनिवारी एक कुलपं-किल्ल्या करणारा आला. दणकट, कमी बोलणारा, नखांत काळं ग्रीस. त्याची चिठ्ठी अशी होती : 'संगणक सुरू झाला की पडद्यावर माझं नाव येतं. त्याऐवजी चहा झाला का असं येईल का? घाई नाही, सवडीने सांगा.'

मी ती दोनदा वाचली. नंतर विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं लिहायला?"

"कुणी नाही."

"मग चहाचं कसं सुचलं?"

तो जरा ओशाळला. "काय माहीत. मी तर चहा पीतही नाही."

खात्याचं नाव बदलायचं कसं ते मी त्याला दाखवलं. माझ्या बायकोलाही तेच सांगितलं होतं. तो तिचा नववा प्रश्न होता.

घरी गेल्यावर तिचे सत्तावीस प्रश्न छापून काढले आणि खोक्यातल्या चिठ्ठ्यांशी ताडून पाहिले. दर शनिवारी पाच-सहा चिठ्ठ्या जमतात. त्यांतली एक, एकच, तिची होती. पहिल्या शनिवारी पहिला प्रश्न, दुसऱ्या शनिवारी दुसरा. अक्षर ज्याचं त्याचं, कुणाचं गिचमिड, कुणाचं शाळकरी. शब्द तिचे, आणि शेवटचं वाक्यही. पहिल्या आठ वेळा ते वाक्य मी वाचलं कसं नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. पण डोळ्यांसमोरचं न दिसण्याची मला सवयच होती.

मी तारा जोडणारा माणूस. आधी जोड तपासला. मंचावरची तिची पानं ती गेल्यापासून माझ्या मुलीखेरीज आणि माझ्याखेरीज कुणी उघडली नव्हती, तशी नोंद तिथे असते. ही सगळी माणसं एकमेकांना ओळखत नव्हती. दहाव्या शनिवारी मी चिठ्ठ्या ठेवल्याच नाहीत, म्हटलं, तोंडी विचारा. पाळणाघर चालवणाऱ्या एक बाई आल्या. गाणं एका स्पीकरमधून येतं आणि दुसऱ्यातून येत नाही, असं सांगून झाल्यावर त्या उठता उठता म्हणाल्या, "घाई नाही हं. सवडीने सांगा."

त्या दिवशी मी घाबरलो नाही. खरं सांगायचं तर घरी जाताना मी शीळ घालत होतो.

त्यानंतर मी शनिवारची वाट पाहू लागलो. शुक्रवारी दाढी, शनिवारी इस्त्रीचा सदरा. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "काका, काय विशेष? रंगात दिसताय." मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. माझं सगळं लक्ष बाविसाव्या शनिवाराकडे लागलं होतं. तो प्रश्न पुन्हा समोर येणार होता. जो कुणी तो घेऊन येईल त्याला मी बटणांचं काही सांगणार नव्हतो. हात धरून डॉक्टरकडे नेणार होतो. एक चूक दुरुस्त करायची संधी कुणाला मिळते? मला मिळत होती, तीही तारीखवार.

बाविसाव्या शनिवारी घड्याळजी आले. वाचनालयासमोरच त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. त्यांनी पुढे ठेवलेल्या चिठ्ठीवर बाविसावाच प्रश्न होता. त्यांचं अक्षर मला माहीत आहे, पावतीवर छापल्यासारखं येतं. चिठ्ठीवरचं अक्षर वेडंवाकडं होतं, प्रत्येक रेघ हललेली.

"हात कधीपासून थरथरतो?" मी विचारलं.

"कुणाचा?"

"तुमचा. आजच डॉक्टरकडे जायचं. मी येतो बरोबर."

त्यांनी उजवा हात टेबलावर अधांतरी धरला. दगडासारखा स्थिर. "अहो, या हाताने मी केसाएवढी स्प्रिंग बसवतो."

"मग हे असं का लिहिलंत?"

त्यांनी स्वतःची चिठ्ठी उचलून नीट पाहिली आणि ती पटकन खाली ठेवली. "लिहिताना जरा वेळ तसं झालं खरं," ते म्हणाले. "हात आपला नसल्यासारखा."

वाचवायला कुणी आलंच नव्हतं. घड्याळजी ठणठणीत होते. ज्या हाताबद्दल विचारायचं होतं तो हात वर्षापूर्वी गेला होता, आणि मी भर वाचनालयात, वर्तमानपत्रं वाचणाऱ्या चार म्हाताऱ्यांसमोर रडलो. घड्याळजींनी चिठ्ठीकडे पुन्हा पाहिलं नाही. ते माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

पाच प्रश्न उरले होते. आता मला ते संपायला नको होते.

तेविसावा, पडद्यावरचा मजकूर संगणक मोठ्याने वाचून दाखवेल का. चोविसावा, पासवर्ड न टाकता उघडता येईल का, लक्षात राहत नाही. मी उत्तरं लांबवायचो. जे दोन मिनिटांत होतं त्याला अर्धा तास लावायचो. आलेली माणसं घड्याळाकडे बघायची आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचो, तिच्यासारखं एखादं तरी हसू उमटेल म्हणून. तसं कधी झालं नाही. प्रश्न तिचा असायचा, माणूस आपला नेहमीचा.

सत्ताविसावा होता : 'एखाद्याचं खातं काढून टाकलं तरी त्याच्या फाइली घरच्यांसाठी ठेवता येतात का? घाई नाही, सवडीने सांगा.' तिने हे विचारलं तेव्हा ती अंथरुणाला खिळलेली होती. मी शेजारी बसून मांडीवरच्या संगणकात उत्तर लिहिलं होतं : 'हो. काढताना फाइली ठेवा असा पर्याय निवडावा.' हिरवी खूणही केली होती.

सत्ताविसाव्या शनिवारी टेबल आवरताना मी सगळ्या चिठ्ठ्या रबराने बांधल्या. संपलं, असं स्वतःला बजावलं.

पुढच्या शनिवारी जाऊ नये असं फार वाटत होतं. गेलो. सव्वा अकराला शाळेची बस चालवणाऱ्या बाई आल्या. चिठ्ठीवर लिहिलं होतं : 'बंद करायला गेलं की सांगतो, अजून कुणीतरी आत आहे. बाहेर कसं पडायचं?'

हा प्रश्न माझ्या बायकोने कधीही विचारला नव्हता. मंचावर शोधलं, माझ्या जुन्या वह्यांत शोधलं. नव्हताच. आणि त्याच्या शेवटी 'घाई नाही' नव्हतं.

अडचण साधी आहे. एका संगणकावर दोघांची खाती असली आणि एकाने आपलं बंद केलं नाही, तर संगणक तसं सांगतो. आत राहिलेल्याचं खातं बंद करायला एक ओळ पुरते. ती ओळ मी आजवर निदान दोनशे जणांना सांगितली असेल.

ती माझ्या जिभेवर आली होती. मग मला पुढचं दिसलं. मी सांगणार, प्रश्न सुटणार, आणि एकोणतिसावा शनिवार नुसताच शनिवार असणार.

"माहीत नाही," मी म्हणालो. बारा वर्षांत पहिल्यांदा. "पुढच्या शनिवारी या."

पुढच्या शनिवारी ती चिठ्ठी दोघांनी आणली. त्याच्या पुढच्या शनिवारी पाच जणांनी. म्हणजे आलेल्या सगळ्यांनीच. सगळ्यांचे शब्द एक. मी प्रत्येकाला तेच सांगितलं.

त्या पाचांत घड्याळजी होते. त्यांनी खुर्ची ओढली तेव्हा खुर्चीचा पाय फरशीवर तडतड वाजत राहिला.

"दहा दिवस झाले," ते म्हणाले. "स्क्रू चिमट्यात ठरत नाही. दुकान बंद ठेवलंय."

"डॉक्टर?"

"सगळ्या तपासण्या झाल्या. काही नाही म्हणतात." त्यांनी हात मांडीखाली दाबून धरला. "तुम्ही मागे विचारलं होतंत ना, कधीपासून म्हणून. तुम्हाला काही माहितीय का?"

मी नाही म्हणालो. ज्या माणसाने माझ्या पाठीवर हात ठेवला होता त्याच्याशी मी खोटं बोललो. त्या दिवशी किल्ल्या करणारा जिन्यात भेटला, तो कठडा दोन्ही हातांनी धरून उतरत होता. ग्रंथपाल बाईंच्या हातून पुस्तकावरचा शिक्का तीनदा उमटला.

मी काही खुळा नाही. उत्तर दिलं की हे थांबेल, एवढं मला कुणी न सांगताही कळत होतं. पण एक आठवडा, असं मी म्हणायचो. एका आठवड्याने कुणाचं काय बिघडतंय? पुढच्या शनिवारी नक्की सांगून टाकू.

काल शनिवार होता. दहाला पाच कमी असताना मी जिना चढलो. रांग खालच्या पायरीपर्यंत आली होती. कागदांची बारीक फडफड तेवढी ऐकू येत होती.

टेबलापाशी, सगळ्यांत पुढे, माझी मुलगी उभी होती.

"फोन का नाही केलास?" मी म्हणालो.

"तुमच्याकडे रांग मोडायची नसते ना," ती म्हणाली. हसायचा प्रयत्न केला तिने. वर्षभरात ती पहिल्यांदा माझ्याशी असं बोलत होती. "रात्रभर प्रवास करून आले. का आले, मलाच कळत नाहीये."

"काही अडलंय?"

"माझ्याकडे तर लिनक्स नाहीच, बाबा. ऑफिसने दिलेला संगणक आहे."

तरीही तिने कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा जवळ ओढला. पेन हातात घेतलं. ते दोनदा पडलं.

"पंधरा दिवस झाले," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, काही नाही."

ती लिहू लागली. मी उलट्या बाजूने वाचत होतो, आणि मला शब्द वाचायची गरज नव्हती. अक्षर माझ्या मुलीचं नव्हतं. इतक्या चिठ्ठ्यांत ते एकदाही आलं नव्हतं. कान्याच्या शेवटी तो छोटा आकडा, ओळीच्या वर जाणाऱ्या वेलांट्या. वर्षभर मी ते अक्षर नुसतं आठवत होतो.

मुलीनेही ते ओळखलं. तिने पेन खाली ठेवलं.

"बाबा, हे आईने लिहिलंय."

"हो."

"ती कुठे अडकलीय? तुम्हाला येतं ना हे? तुम्हाला तर सगळं येतं." तिने चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. "सांगून टाका ना तिला."

मी तिचा हात माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरला. तो थांबत नव्हता. चिठ्ठीवरची शाई अजून ओली होती.

"नाही गं बाळा, मला नाही माहीत," मी म्हणालो. "पुढच्या शनिवारी ये."